बोअरच्या पाण्याचे डाग

"मॅडम, माणूस गुरासारखा ओरडतोय आणि हातावर साधा फोडसुद्धा नाही. तुम्ही आत्ता या."

फोन डॉक्टर रूथ साळवे यांचा होता, आणि या बाई उगाच घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. पोलीस उपनिरीक्षक ज्ञानेश्वरी खेमनरने पोह्यांची बशी तशीच बाजूला सारली. हवालदार सहादेवने जीप काढली. साडेनऊला दोघं सावेडीतल्या दवाखान्यात पोचले.

खाटेवर पॉल भिंगारदिवे. वय बत्तीस. नागापूर एमआयडीसीतल्या 'चकाचक कार स्पा'त सहा वर्षं गाड्या धुतोय. उजव्या हाताच्या बोटांची टोकं उकडलेल्या बटाट्यासारखी पांढरट पडलेली, नखांखाली निळसर झाक. बाकी कातडी धड होती. आणि तरी हा बाबा दातांनी उशीची खोळ फाडत होता.

"काल चार वाजता गाडीची चाकं धुताना क्लीनर हातावर उडालं," डॉक्टर रूथ म्हणाल्या. "लगेच सोड्याच्या पाण्यानं हात धुतला, घरी गेला, जेवला. दुखायला लागलं ते रात्री. मॅडम, साधं ॲसिड असं दबा धरून बसत नाही. लागल्या लागल्या भाजतं. हे आत उतरलंय."

"मग औषध द्या की."

"तिथंच घोडं पेंड खातंय. मला एका ॲसिडचा संशय आहे. इतकं नाठाळ, की ते ठेवायला बाटलीसुद्धा प्लास्टिकचीच लागते. हाडापर्यंत जातं, शरीरातलं कॅल्शियम खातं. तेच असेल तर शिरेतून कॅल्शियम सोडायला हवं, आणि लवकर सोडायला हवं. पण पॉलच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू आहे. रोजची गोळी चालू आहे. त्या गोळीवर नको असताना कॅल्शियम गेलं तर हृदय बंद पडू शकतं."

"आणि हवं असताना नाही दिलं तर?"

"तरीही बंद पडेल. दुपारपर्यंत. रक्ताचा रिपोर्ट काठावर आलाय, त्यावरून इकडचं तिकडचं काही ठरत नाही. डब्यात काय होतं, एवढं मला कुणीतरी खरं सांगा."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"लिंबातलं ॲसिड. अगदी सौम्य. तसा छापील कागदही आलाय."

"कागद मीच आणून दिला, मॅडम," कोपऱ्यातून मऊ आवाज आला.

खुर्चीत एक गोरटेला माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायाशी डझनभर केळी, मांडीवर कातडी बॅग. अंगावर अत्तर असं ओतलेलं की दवाखान्याचा फिनेलचा वास परवडला. ज्ञानेश्वरीला सकाळी सकाळी गोड वासाचा तिटकारा होता. तिने नाक आक्रसलं.

"मी सुनील तरटे. 'चकाचक'ला गाड्या धुण्याचा सगळा माल मी पुरवतो. सकाळी मालकांचा फोन आला तसा थेट इथंच आलो."

"दुकानावर शेवटचे कधी गेला होता?"

"पंधरा दिवस झाले. नागापूरला फिरकलोच नाही." बोलता बोलता तो मोबाईलची काच शर्टाला पुसत होता. पुसायचा, बघायचा, परत पुसायचा. "हात धुताना पाणी उडालं," तो ओशाळं हसला.

पॉलची बायको कृपा पायथ्याशी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. "लई धीर दिला यांनी," ती म्हणाली. "आठ वाजल्यापास्नं बसल्यात. मी प्रार्थना केली तर यांनीबी डोळं मिटून मान खाली घातली. सख्खा भाऊ आला न्हाई अजून."

ज्ञानेश्वरी पॉलवर वाकली. "पॉल, डबा कुठला होता?"

"न्हेमीचाच... फेस थांबला हुता, मॅडम. मी बघितलं. फेस थांबला हुता!" आणि पुढचे शब्द किंकाळीत गेले.

"कसला फेस?"

उत्तर सुनीलने दिलं. "मीच शिकवलंय त्यांना. चाकं ॲसिडनं धुतली की वर खाण्याच्या सोड्याचं पाणी मारायचं. फेस येतोय तोवर ॲसिड जिवंत. थांबला की मेलं. हातावर उडालं तरी तसंच. कामगारांची काळजी घ्यायलाच पाहिजे ना."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी निघालीसुद्धा.

'चकाचक कार स्पा'! नाव मोठं. बाहेर दुधी काचेचं झकास दार, त्यावर वेलबुट्टी आणि मधोमध गाडीचं चित्र उठवलेलं. आणि दार ढकललं की नरक. गाड्यांखालून निघालेला काळा चिखल, ऑइल आणि साबणाचा गाळ एका उघड्या गटारीत साचून हिरवा पडलेला. त्यावर माश्यांचं राज्य. हात धुवायच्या नळाखाली शेवाळ, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. इथं लोकांच्या गाड्या स्वच्छ होतात म्हणे! सहादेवने सरळ रुमाल नाकाला लावला.

मालक आदिनाथ म्हस्के काउंटरवर मिसळ ओरपत बसला होता. तुमचा माणूस तिकडे मरायला टेकलाय, आणि तुम्ही इकडे तर्री मागून घेताय?

"बसा मॅडम. पाव सांगू?"

"डबा दाखवा."

"आहे की मागं. हे दार बघितलं का? सुनीलशेठनी दिवाळीला भेट दिलंय. त्यांच्या भावाचा कारखाना आहे केडगावला, काचेवर नक्षी काढायचा."

"दार बघायला आले नाही मी. उठा."

आदिनाथ मिसळीची ताटली हातात घेऊनच उठला. मागे पत्र्याची शेड होती. तिला दार नव्हतं, कुलूप नव्हतं, कडीसुद्धा नव्हती.

"इथं कुणीही येऊ शकतं?"

"ॲसिड कोण चोरतंय, मॅडम?"

पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा डबा. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिंबाचं चित्र. ज्ञानेश्वरीने रुमालाने धरून झाकण काढलं. डबा गळ्यापर्यंत भरलेला. सहादेवने थोडं फरशीवर ओतून वर सोडा टाकला. फसफसून फेस आला, मग विरला.

"बघा, साधं हाय," आदिनाथ म्हणाला. "खोडी असंल तर ती रामची. काल दोघांचं भांडण झालं. पॉलच्या बादलीत याने काहीतरी मिसळलं असणार. त्याला विचारा, हातमोजे तूच एकटा का घालतो म्हणून!"

गाड्या धुणारा दुसरा कामगार राम शेडच्या टोकाला उभा होता. चाळिशीचा, खंगलेला, दोन्ही हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे.

"भांडण कशावरून झालं?"

"मी चुकून त्याच्या बादलीत थुकलो," राम खाली बघत म्हणाला.

"चुकून?"

"...गुटखा हुता तोंडात."

ज्ञानेश्वरी एक पाऊल मागे सरली. "आणि मोजे? पॉलला का नाहीत?"

रामने मोजा उतरवला. मनगटापासून बोटांपर्यंत नायटा. खाजवून लाल झालेला, कडांना खवले. "दुकानात ही एकच जोडी हाय, मॅडम. माझा हात बघितल्यापास्नं ती कुनी घालत न्हाई. पॉल म्हनला, तुझ्या मोज्यापरीस ॲसिड बरं."

"नवी जोडी?" तिने आदिनाथकडे पाहिलं. आदिनाथ फरसाण चावत राहिला.

"काल या डब्यातून किती गाड्या धुतल्या?"

"नऊ," राम म्हणाला. "सांजच्याला डबा निम्म्याच्या खाली गेल्ता. मीच झाकण लावलं. त्ये झाकण लई ढिलं हाय, उचललं की उडतंय."

ज्ञानेश्वरीने डब्याचं झाकण फिरवून पाहिलं. घट्ट होतं. आटे नवे कोरे.

"आज सकाळी डबा कुणी भरला?"

दोघांनी माना हलवल्या. दुकान नऊला उघडलं होतं. त्यानंतर डब्याला कुणी शिवलं नव्हतं.

"पॉलने काल शेवटची गाडी कुठली धुतली?"

"ही काय, पांढरी," आदिनाथने ताटलीनेच दाखवलं. "गिऱ्हाईक सकाळी परत घेऊन आलंय. दाराच्या काचांवर ठिपके पडलेत म्हणतो. बोअरच्या पाण्याचे डाग आहेत हो, दुसरं काय! नागापूरचं पाणी खारट. गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी हीच कटकट केली."

मागच्या काचेच्या खालच्या अंगाला, चाकाच्या जवळ, बारीक पांढरट ठिपक्यांची रांगोळी. नगरात कोण या डागांकडे दुसऱ्यांदा बघणार? घरोघरी स्टीलच्या पिंपावर, नळावर, मोरीतल्या आरशावर हेच डाग. ज्ञानेश्वरीच्या सासूबाई दर रविवारी ते लिंबाच्या फोडीने घासून काढायच्या.

तिने आदिनाथच्या ताटलीतली लिंबाची फोड उचलली.

"अहो मॅडम, मिसळीची—"

"गप्प बसा."

नळाशेजारी एक फुटका आरसा टांगला होता, बोअरच्या पाण्याने पांढरा झालेला. त्यावर तिने लिंबू चोळलं, दोन मिनिटं थांबली, रुमालाने पुसलं. आरसा लख्ख झाला. मग तीच फोड गाडीच्या काचेवर चोळली. थांबली. पुसलं. परत चोळलं. ठिपके जागचे हलले नाहीत. तिने नख फिरवलं. नख खरखरत अडकलं. काचेवर काही बसलेलंच नव्हतं. काच खाल्ली गेली होती.

ती एकदम वळली आणि बाहेरच्या झकास दाराकडे बघत राहिली.

"सहादेव भाऊ, तुम्ही इथंच थांबा. गटार, नाला, मागचा उकिरडा, सगळं उपसा. असाच दुसरा डबा शोधायचाय. निम्मा भरलेला असेल किंवा रिकामा, पण झाकण ढिलं."

सहादेवने त्या हिरव्या गटारीकडे पाहिलं. "मॅडम, यात?"

"यातच."

जीप चालू करता करता तिने फोन लावला. "डॉक्टर, तुमचं ते ॲसिड काच खातं का?"

"हायड्रोफ्लोरिक! हो, म्हणून तर काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत. सापडलं?"

"गाडीची काच खाल्लीय त्याने."

"नक्की क्लीनरनेच? तरटे इथंच आहेत, ते म्हणतात ते डाग खाऱ्या पाण्याचे असतात, सगळीकडे पडतात. मॅडम, इंजेक्शन टोचलं की ते परत काढता येत नाही. मला खात्री हवी."

"औषध भरून ठेवा. दहा मिनिटांत खात्री घेऊन येते."

दवाखान्यात पॉलचं ओरडणं थांबलं होतं. ते जास्त वाईट होतं. यंत्रावरची रेघ वाकडीतिकडी चालत होती. कृपा नवऱ्याचा डावा हात धरून पुटपुटत होती. आणि सुनील तरटे? तो शेजारी डोळे मिटून, मान झुकवून बसला होता.

"सुनीलराव, जरा मोबाईल देता? माझ्याची बॅटरी गेली."

सवयीने माणूस देतो. त्याने दिला. ज्ञानेश्वरीने ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलून मोबाईलची काच खसाखसा पुसली आणि उजेडात धरली. चार थेंब. पांढरट, दुधी. तिने नख फिरवलं आणि मोबाईल डॉक्टरांपुढे केला.

"तुम्ही फिरवा नख."

डॉक्टर रूथनी नख फिरवलं. वळल्या, भरून ठेवलेली सिरिंज घेतली आणि यंत्राकडे डोळे लावून थेंबाथेंबाने औषध सोडायला लागल्या. त्या रेघेवरून कुणाची नजर हटत नव्हती. रेघ अडखळली, एकदा लांबली, आणि मग हळूहळू सरळ वाटेला लागली.

"हे काय चाललंय?" सुनील उठला. "मोबाईलला पाणी लागलंय माझ्या!"

"खाली बसा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पाणी पुसलं जातं. बोअरचे डाग लिंबाने जातात. हे कशाने जाणार नाहीत, कारण काच गेलीय. तुमच्या भावाच्या कारखान्यात दुधी काच याच ॲसिडने करतात, खरं ना? तिथलं वापरून झालेलं, फेकायच्या लायकीचं पाणी तुम्ही लिंबाच्या चित्राच्या डब्यात भरून विकत होतात. चाकं झटक्यात चमकायची. मालक खूष. गाड्यांच्या काचांवर ठिपके पडले तर नाव बोअरचं!"

"पुरावा काय? दुकानातला डबा तपासा."

"तपासला. काल निम्म्याच्या खाली होता, आज गळ्यापर्यंत भरलाय. काल झाकण ढिलं होतं, आज नवं कोरं. सकाळीच आदिनाथचा फोन आला. तुम्हाला तेव्हाच कळलं पॉलला काय झालंय. आधी नागापूर गाठलं. शेडला दार नाही. डबा बदलला. जुना उचलताना ढिल्या झाकणातून उडालं, मोबाईलवर पडलं. पंधरा दिवस नागापूरला फिरकला नाहीत ना? मग हे थेंब आज कुठून आले?"

सुनील खाली बसला आणि त्याने बॅग मांडीवर ओढली.

"आणि सोडा!" तिचा आवाज चढला. "सोड्याने ॲसिडचा आंबटपणा मरतो. चाकासाठी ते ठीक आहे. भरपूर पाणी मारून वर सोडा, धातू वाचतो. पण कातडीत जे विष उतरलंय त्याला सोडा काय करणार? फेस थांबला म्हणून हा बिचारा निश्चिंत घरी गेला. हे तुम्हाला ठाऊक होतं. खरा उपाय सांगितला असता तर लोकांनी विचारलं असतं, लिंबाच्या ॲसिडला एवढं कशाला? म्हणून फेसाची गोष्ट शिकवलीत."

"मला काय माहीत असणार औषधातलं?" सुनील ओरडला. "मी साधा धंदेवाला माणूस!"

ज्ञानेश्वरीची नजर त्याच्या उजव्या अंगठ्यावर गेली. अंगठा तुपट चमकत होता. तिने मांडीवरची बॅग ओढली आणि खाटेवर उपडी केली. पावतीपुस्तक, कंगवा, अत्तराची बाटली. आणि एक ट्यूब, अर्धी पिळलेली.

डॉक्टर रूथनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पालटला. "कॅल्शियमचं जेल. या विषावर वरून लावायचं नेमकं हेच औषध. मी दोन तास गावभर माणसं पिटाळतेय, एका मेडिकलमध्ये नाही!"

आठ वाजल्यापासून हा माणूस औषध मांडीवर घेऊन बसला होता. स्वतःच्या अंगठ्याला लावून आला होता. खाटेपासून दोन हातांवर बसून एका माणसाला उशी फाडताना बघत होता. वर खोटा कागद दिला. वर केळी आणली. गटारीची घाण धुतली तर जाते, या घाणीला कुठला सोडा लावायचा? ज्ञानेश्वरीने त्याचा मोबाईल दोन बोटांत धरून पिशवीत टाकला आणि हात तीन-चार वेळा पुसले तरी तिला ते चिकटच वाटत होते.

कृपा पुढे आली. "डोळं मिटल्यावर काय म्हनत हुता तुमी देवाला?" तिने विचारलं.

तिने परत विचारलं. सुनील केळ्यांकडे बघत बसला.

डॉक्टरांनी ट्यूब हिसकावून घेतली, पॉलच्या बोटांवर जाड थर दिला आणि हातावर रबरी मोजा चढवला. अर्ध्या तासाने पॉलने उशी सोडली. तासाभराने त्याला झोप लागली. करंगळी वाचेल की नाही ते सांगता येत नाही, पण माणूस वाचला, असं डॉक्टर म्हणाल्या.

साडेबाराला सहादेवचा फोन आला. नाल्यात डबा सापडला होता. "अंघोळ करूनच येतो, मॅडम," तो म्हणाला. आदिनाथलाही चौकीत आणायला तिने सांगितलं. काचांच्या तक्रारी दोन महिने दाबल्या त्याचं आणि हातमोज्यांच्या एका जोडीचं उत्तर त्यालाही द्यायचं होतं.

सुनील बाहेर बाकावर बसला होता, दोन शिपायांच्या मधे. ज्ञानेश्वरी त्याला उठवायला गेली तर तो अंगठा मुठीत दाबून डुलत होता. तोंड पांढरं पडलेलं.

"मॅडम... ती ट्यूब मिळेल का? परत ठणकायला लागलंय. सहन होत नाही."

ज्ञानेश्वरीला वाटलं, ठणकू दे. अगदी मनापासून वाटलं. ती काही बोलणार तोच आतून कृपा आली. तिने दारातूनच सगळं ऐकलं होतं. हातात डॉक्टरांनी दिलेली ट्यूब होती, तळाशी थोडं जेल उरलेलं.

"घ्या," तिने ती बाकावर टाकली. "लावा आन् गप ऱ्हावा. तुमी वरडला तर त्यांची झोप मोडंल."

आणि ती आत गेली, आणि तिने दार लावून घेतलं.